उगारलेला हात

नीतिशास्त्राच्या वर्गांत गेलीं पंचवीस-तीस वर्षें मी विद्यार्थ्यांना कर्तव्य, दोष आणि दंड यांविषयीं कांहीं ना कांहीं सांगत आलों आहें. पुस्तकांतील प्रश्न बहुधा मोठे नाट्यमय असतात. बुडत्या नावेंतून आधीं कोणाला काढावें, दाराशीं आलेल्या खुन्यालाहि खरेंच सांगावें कीं काय, इत्यादि. त्यांचीं उत्तरें चुकलीं तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर मला स्वतःला वेळेवर देतां आलें नाहीं, तो कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नव्हता. तो एका भिंतीपलीकडून आला होता.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं आम्ही ज्या इमारतींत भाड्यानें राहत होतों, तेथें शेजारीं एक तरुण जोडपें आणि त्यांची पांच-सहा वर्षांची मुलगी राहत असे. नवरा रात्रपाळीस जाई. जिन्यांत भेटलीं म्हणजे सारींच चांगलीं बोलत. मुलगी मला 'काका' म्हणून हांक मारी. पण आठवड्यांतून दोन-तीन रात्रीं भिंतीपलीकडून मारण्याचा आवाज येई, मागाहून त्या मुलीचें रडणें, आणि त्याच्याहि मागाहून—ही गोष्ट माझ्या फार उशिरां लक्षांत आली—तिच्या आईचें रडणें. मी हातांतलें पुस्तक मिटून बसून राहीं. पत्नी म्हणे, "अहो, तुम्ही जाऊन बोला ना कांहीं." मी म्हणें, "दुसऱ्याच्या घरांतली गोष्ट. आपण काय बोलणार?" एकदां १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि-क्रमांक मीं कागदावर लिहूनहि ठेवला, पण पोलीस आले, आईला चौकीवर नेलें, मुलीला कोठें संस्थेंत ठेवलें, तर पुढें काय, हा विचार मनांत येऊन हात थांबला. वर्षभरानें तें कुटुंब दुसरीकडे राहावयास गेलें. त्या मुलीचें पुढें काय झालें तें मला ठाऊक नाहीं.

मौन आणि पोलीस, या दोहोंच्या मध्यें त्या वेळीं मला तिसरें कांहीं दिसलें नाहीं. असें तिसरें कांहीं असूं शकतें काय, आणि असल्यास तें करणें हें आपलें कर्तव्य आहे कीं केवळ परोपकाराची हौस, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मौनाचा पक्ष आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याला प्रतिष्ठाहि आहे. पांच वर्षें लाड, पुढें दहा वर्षें ताडन आणि सोळावें लागतांच मित्रत्व, अशी बापाच्या कर्तव्याची वांटणी करणारें सुभाषित आपल्यापैकीं अनेकांनीं लहानपणींच पाठ केलें. तें पाठ होईना म्हणून मार खाणारेहि कांहीं थोडे नसतील. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्यें पोहावयास भिणाऱ्या श्यामला आई मारते आणि मागाहून तीच त्याला जवळ घेते. मराठी वाचकानें त्या मारांत प्रेमच पाहिलें. कायदाहि या समजुतीपासून फार दूर नाहीं. १८६० सालच्या दंडसंहितेच्या ८९ व्या कलमानें बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठीं पालकानें सद्बुद्धीनें केलेल्या कृत्याला संरक्षण दिलें होतें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तो आशय २७ व्या कलमांत कायम आहे. शिक्षकाचा हात २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें स्पष्ट शब्दांत बांधला. मुलाशीं क्रूरपणें वागणाऱ्या सांभाळकर्त्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याचें ७५ वें कलम शिक्षा सांगतें खरें. पण शिस्त कोठें संपते आणि क्रौर्य कोठें सुरू होतें, हें ठरवावयाचें कोणी? भिंतीला कान लावून बसलेल्या शेजाऱ्यानें?

मौनाच्या उलट दंडाचा पक्ष. या पक्षाचे उपकार विसरून चालणार नाहीं, कारण मुलाचें दुःख प्रथम यानेंच पाहिलें. न्यूयॉर्क शहरांत १८७४ सालीं मेरी एलन नांवाच्या एका मुलीला छळांतून सोडवूं पाहणाऱ्या सेवाभावी बाईला अखेर प्राणिरक्षक संस्थेच्या हेन्री बर्ग यांचें दार ठोठवावें लागलें. जनावरांच्या रक्षणासाठीं संस्था होती, मुलांसाठीं नव्हती. त्या प्रकरणांतूनच मुलांच्या रक्षणाची संस्था त्या शहरीं निघाली. पुढें १९४६ सालीं जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञानें कांहीं तान्ह्या मुलांच्या डोक्यांत रक्तस्राव आणि त्यासोबत हातापायांचीं हाडें मोडलेलीं पाहिलीं, आणि हा कसल्या तरी आघाताचा परिणाम असावा असें नोंदविलें. आघात कोणाचा, हें उघड म्हणावयास आणखी सोळा वर्षें लागलीं. १९६२ सालीं डेन्व्हरचे डॉक्टर हेन्री केंप आणि त्यांचे सहकारी यांनीं 'मारहाण झालेलें मूल' ही संज्ञा वैद्यकांत रूढ केली, आणि पुढच्या पांच-सहा वर्षांत असा संशय आल्यास डॉक्टरनें तो सरकारला कळविलाच पाहिजे, असे कायदे अमेरिकेंतील सर्व राज्यांत झाले.

हें सारें आवश्यकच होतें. पण यांतील एक गोष्ट डोळ्यांआड करूं नये. क्ष-किरणाच्या चित्रांत दिसण्यासाठीं हाड आधीं मोडावें लागतें. दंडाचें पाऊल घरांत पडतें तें नेहमीं नंतर. शिवाय या पक्षाच्या मनांत, बोलून न दाखविलेली, एक कल्पना दडलेली असते. ती ही कीं, मुलाला मारणारा हा आपल्याहून वेगळ्या जातीचा प्राणी आहे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारण्यांत आलें. महाराष्ट्र आणि गोवा हीं त्यांत होतीं. दर तिघांमागें दोघांनीं कोठें ना कोठें शारीरिक छळ भोगला होता, आणि ज्यांना घरांत मार बसला त्यांपैकीं ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईबापच होते. इतके राक्षस जगांत नसतात. त्यांत तुमच्या-आमच्यासारखीं माणसें असलींच पाहिजेत. आणि 'आमच्यासारखीं' हा शब्द मीं अलंकारासाठीं घातलेला नाहीं.

माझा मुलगा सात वर्षांचा होता. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासून देण्याची मुदत दुसऱ्या दिवशीं संपत होती, पत्नी आजारी, मी सकाळपासून टेबलाशीं बसलेला. खेळतां खेळतां त्याचा धक्का लागून पाण्याचा तांब्या उत्तरपत्रिकांवर कलंडला. मीं त्याला मारलें. पहिली चपराक बसली तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर नुसतें आश्चर्य होतें. भीति आली ती दुसऱ्यांदां हात उगारला तेव्हां. तो हात खालीं आला नाहीं, कारण माझ्या आईनें मागून येऊन माझें मनगट धरलें. ती मला रागें भरली नाहीं, कीं मुलाची बाजूहि तिनें घेतली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "सकाळपासून पोटांत कांहीं नाहीं तुझ्या. आधीं दोन घांस खा, मग त्याला काय विचारायचें तें विचार." मला त्या वेळीं तिचा संतापच आला. पण जेवण झाल्यावर विचारण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें. उरली होती ती लाज. मुलगा आतां मोठा झाला आहे. ती गोष्ट आपल्याला आठवत नाहीं असें तो म्हणतो. खरें असेल, पण विसरण्याचा अधिकार त्याचा आहे, माझा नाहीं.

तिनें माझा हात धरला आणि त्याच क्षणीं माझी भूकहि पाहिली, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच तो प्रसंग तेथें थांबला, असें मला पुष्कळ दिवसांनीं उमगलें. मौनानें हात धरला नसता. दंडानें भूक पाहिली नसती.

आतां हीच गोष्ट पद्धतशीरपणें करून पाहणारांकडे वळूं. न्यूयॉर्क राज्यांतील एल्मायरा या लहान शहरीं व त्याच्या आसपास डेव्हिड ओल्ड्स या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं एका प्रयोगाला आरंभ केला. ४०० पहिलटकरणी, त्यांतील बहुतेक वयानें कोवळ्या, अविवाहित किंवा गरीब. त्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी निरनिराळ्या गटांत वांटणी केली. कांहींना नेहमींची वैद्यकीय सोय मिळाली. कांहींच्या घरीं मात्र गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचें होईपर्यंत एक परिचारिका नेमानें जात राहिली. रडणाऱ्या मुलाला काय हवें असतें तें कसें ओळखावें, हें ती शिकवी. पण आईचें अर्धवट राहिलेलें शिक्षण, तिची नोकरी, तिला आधार देणारें माणूस कोण, याचीहि ती तितकीच चौकशी करी. ती तपासनीस म्हणून येत नसे. मूल जन्मण्यापूर्वींच तिचें येणें सुरू होई. त्या वेळीं आईच्या हातून कोणताहि अपराध घडलेला नसे, आणि म्हणून तिच्यापुढें लपविण्यासारखेंहि कांहीं नसे. या प्रयोगाचें मर्म या 'आधीं'मध्यें आहे असें मला वाटतें.

परिणाम काय झाला? गरीब, अविवाहित आणि विशीच्या आंतील आयांमध्यें पहिल्या दोन वर्षांत छळाचीं व हेळसांडीचीं प्रकरणें घरभेटी न मिळालेल्यांत १९ टक्के, तर परिचारिकेच्या भेटी पूर्ण काळ मिळालेल्यांत ४ टक्के आढळलीं. हा गट लहान होता, तेव्हां या एका आंकड्यावर फार भार टाकूं नये. पण त्याच कुटुंबांचा पंधरा वर्षांनीं पुन्हां शोध घेऊन १९९७ सालीं जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्यांतहि भेटी मिळालेल्या आयांविरुद्धच्या शाबीत झालेल्या तक्रारी दुसऱ्या गटाच्या जवळजवळ निम्म्याच होत्या. परिचारिका येणें थांबून तेरा वर्षें लोटलीं होतीं. तिनें दिलेलें मात्र संपलें नव्हतें.

कोणी म्हणेल, हे श्रीमंत देशाचे चोचले झाले. तर दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतांतील प्रयोग पाहावा. तेथें ४० खेडीं व वस्त्या यांतील ५५२ गरीब कुटुंबें घेतलीं होतीं आणि मुलें वयांत आलेलीं, म्हणजे 'आतां काय उपयोग' असें ज्यांच्याविषयीं आपण म्हणतों त्या वयाचीं होतीं. शिकविणारीं माणसें गांवांतलींच, थोडें प्रशिक्षण घेतलेलीं. आठवड्यास एक याप्रमाणें चौदा बैठकींत राग आंवरणें, मुलाशीं बोलणें यांबरोबर घरखर्चाचा मेळ कसा घालावा, हेंहि शिकविलें जाई. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, या कुटुंबांतील मारहाण व शिवीगाळ कमी झाल्याचें पालकांनीं सांगितलें. मुलांच्या सांगण्यांत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाहीं. हेळसांडीच्या बाबतींतहि तो दिसला नाहीं. मुलाच्या पाठीवरील वळांचा घरखर्चाशीं काय संबंध, असें विचारणारानें महिनाअखेरीस कोणत्याहि चाळींत जाऊन कान द्यावा.

या संशोधनाच्या मर्यादाहि तितक्याच बोलक्या आहेत. एल्मायराच्याच कुटुंबांचा अभ्यास करून २००० सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, ज्या घरांत आईलाच वारंवार मार बसत होता, त्या घरांत परिचारिकेच्या भेटींचा मुलाला उपयोग होईनासा झाला. इंग्लंडांत याच पद्धतीची परीक्षा विशीच्या आंतील सोळाशेंहून अधिक आयांवर झाली. २०१६ सालच्या निष्कर्षांत, मुख्य म्हणून ठरविलेल्या कोणत्याहि बाबतींत तिचा लाभ दिसला नाहीं. तेथें सुइणीची व आरोग्यसेविकेची सार्वजनिक सेवा प्रत्येक बाळंतिणीला आधींपासूनच मिळत होती. जेथें कोणी ना कोणी दार ठोठावीतच असतें, तेथें आणखी एकीनें ठोठावल्यानें फार फरक पडला नाहीं, असा त्याचा एक अर्थ लावतां येतो. तात्पर्य, ही कांहीं रामबाण मात्रा नव्हे. ज्या घरीं कोणीच येत नाहीं, तेथें कोणी तरी येणें याला किंमत आहे. आणि ज्या घरांत आईवरच हात उगारलेला आहे, तेथें आधीं तो हात धरला पाहिजे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा कीं, या विचारसरणीनें मारणाराचा दोष पुसला जातो. भूक, कर्ज, एकटेपणा, स्वतःचें करपलेलें बालपण, अशीं कारणें सांगत गेलें म्हणजे शेवटीं अपराधी असा कोणी उरतच नाहीं. हा आक्षेप मला मान्य नाहीं, आणि तो मी माझ्याच उदाहरणावरून खोडतों. मी उपाशी होतों हें कारण होतें. तें समर्थन नव्हतें. त्या गालावर उमटलेलीं बोटें माझींच होतीं. दोष मागें पाहतो आणि विचारतो, 'हें कोणीं केलें?' कर्तव्य पुढें पाहतें आणि विचारतें, 'हें होऊं नये म्हणून कोणीं काय करावयास हवें होतें?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. एकाची जबाबदारी वाढली म्हणजे दुसऱ्याची तितकी घटते, असा नीतीचा जमाखर्च नसतो. शेजारची आई दोषी होती. म्हणून मी निर्दोष ठरत नाहीं. तिचा दोष भिंतीपलीकडचा होता, माझा अलीकडचा.

दुसरा आक्षेप घराच्या स्वातंत्र्याचा. आधाराच्या मिषानें सरकार गरिबांच्या चुलीपर्यंत पोंचेल आणि श्रीमंतांच्या बंद दाराशीं मात्र जोडे काढून उभें राहील, ही भीति निराधार नाहीं. याला उत्तर एकच. जावयाचें तर सर्वांकडे जावें आणि आईच्या संमतीनेंच जावें. पण एवढ्यानें अडचण संपत नाहीं. आईला दार लावून घेण्याचा अधिकार आहे. मुलाला दार उघडण्याची शक्ति नाहीं. मैत्रीण म्हणून गेलेल्या बाईनें मुलाच्या अंगावर डाग पाहिले तर तिनें मैत्रीण राहावें कीं साक्षीदार व्हावें? मुलाचा जीव धोक्यांत असेल तर साक्षीदार झालेंच पाहिजे, असें मी म्हणेन. आणि ही गोष्ट तिनें पहिल्याच भेटींत आईला सांगून टाकावी. विश्वास कांहीं जणींचा त्यामुळें गमवावा लागेल. तें नुकसान खरें आहे. परंतु विश्वास राखण्यासाठीं मूल गमावणें हें त्याहून मोठें नुकसान आहे.

तिसरा आक्षेप आपल्या घरचाच आहे. हीं परदेशी थेरें कशाला, आमच्या एकत्र कुटुंबांत आजी होतीच कीं! होती, माझीच होती, आणि तिचे उपकार मी वर सांगितले आहेत. पण त्याच एकत्र कुटुंबांत भरल्या वाड्यादेखत सुनेला मार बसे आणि कोणी मनगट धरीत नसे. मग सुनेचा तो राग माजघरांतल्या पोरावर निघे. वर सांगितलेला २००० सालचा निष्कर्ष वाचून आपल्याकडील कोणत्याहि वृद्ध स्त्रीला आश्चर्य वाटणार नाहीं. शिवाय, आजी भली निघणें हा नशिबाचा भाग झाला. जी गोष्ट मला नशिबानें मिळाली, ती शेजारच्या मुलीला न मिळणें हा न्याय नव्हे. नशिबानें कांहींना मिळतें तें व्यवस्थेनें सर्वांना मिळवून देणें, यालाच तर आपण समाजाचा धर्म म्हणतों.

आणि ही व्यवस्था आपल्याला अगदींच अनोळखी नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय व राणी बंग यांनीं गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांच्या घरीं पाठविलें. तेथील ३९ गांवांतील बालमृत्यु कसे घटले तें १९९९ सालीं जगापुढें आलें. पुढें २०११ पासून देशभर 'आशा' कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरीं पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळां जाऊं लागली, आणि २०१८ पासून मूल सव्वा वर्षाचें होईपर्यंत आणखी पांच भेटींची योजना आली. हें कार्य मुलाचा जीव वांचविण्यासाठीं सुरू झालें, मार थांबविण्यासाठीं नव्हे. दोन्हींची गल्लत करूं नये. पण ती उंबरठ्याच्या आंत पोंचलेली आहे. तिच्या पिशवींत वजनाचा कांटा आहे, तापमापक आहे. बाळाचें वजन झाल्यावर आईला "तूं कशी आहेस? रात्रीं झोंप मिळते का? तुझ्यावर कोणी हात टाकतो का?" एवढें विचारण्याची सवड आणि शिकवण तिला मिळाली तर? मात्र तिच्यावर हें नवें ओझें टाकण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं मानधनासाठीं याच स्त्रियांना महाराष्ट्रांत संप करावे लागले आहेत. दुसऱ्याच्या घरचा आधार व्हावयाला जी जाते, तिला स्वतःला आधार नसावा, हें कोणत्याच नीतींत बसत नाहीं.

स्वीडन देशानें १९७९ सालीं, जगांत सर्वांच्या आधीं, मुलांना घरींहि मारण्यास कायद्यानें मनाई केली. त्या मनाईच्या तरतुदींत स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नव्हती. मात्र सरकारनें मुलें असलेल्या घराघरांत पुस्तिका पाठविली आणि दुधाच्या खोक्यांवरहि तो मजकूर छापला. कायदा धाक घालण्यासाठीं नव्हता, तो मनगट धरण्यासाठीं होता. आणि सकाळच्या दुधाबरोबर तो घरांत आला, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें.

माझी आई आतां नाहीं. त्या इमारतींतहि आम्ही आतां राहत नाहीं. ती मुलगी आज विशीच्या पुढें गेली असेल. कदाचित् लौकरच ती स्वतः आई होईल. एखाद्या रात्रीं मूल रडणें थांबवीत नसेल, घरांत दुसरें कोणी नसेल, आणि तिचा हात वर जाईल, तेव्हां तो धरणारें कोणी तिच्याजवळ असेल काय? त्या वेळीं मीं काय करावयास हवें होतें, तें आतां मला कळतें आणि तें फार थोडें होतें. एके दिवशीं दुपारीं, रडण्याचा आवाज येत नसतांना, पत्नीला घेऊन मीं तें दार ठोठवावयाचें होतें आणि त्या आईला विचारावयाचें होतें, "बाई, तुम्ही जेवलांत का?"